तांब्याची तार जाईल, नंबर राहू द्या

मंडळाची सभासद सूची या वर्षी नव्याने करायला घेतली आहे. अर्जात पूर्वीपासून दोन रकाने आहेत, एक घरच्या फोनचा आणि एक मोबाइलचा. जुन्या सूचीत पहिला रकाना भरलेला असायचा आणि दुसरा मोकळा. आता उलट झाले आहे. पहिल्या रकान्यात कुणी नुसती रेघ मारली आहे, कुणी "बंद" असे लिहिले आहे. एका ज्येष्ठ सभासदांनी ०८३१ चा जुनाच नंबर लिहून पुढे "लागत नाही, पण आहे" अशी टीप दिली आहे. वाचून आम्हाला हसू आले. पण बेळगावातल्या कितीतरी घरांची आज नेमकी हीच अवस्था आहे. फोन आहे, बिल येते, आणि पावसाचे चार महिने त्यात खरखर सोडून काही ऐकू येत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहा वाजता आमच्या कार्यवाहांना पुण्याहून एका सभासदाच्या मुलाचा फोन आला. "काका, आईचा फोन लागत नाही. मोबाइल पण स्विच ऑफ येतोय. जरा बघून येता का?" काकू टिळकवाडीत एकट्या राहतात. कार्यवाह रेनकोट घालून स्कूटरवर गेले. वाऱ्यापावसात त्या भागाची लाईट संध्याकाळीच गेली होती. काकू मेणबत्ती लावून बसल्या होत्या, तब्येत ठणठणीत होती. "फोन वाजलाच नाही की हो," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, आज हा विसरलाच." मोबाइलची बॅटरी दुपारीच संपली होती आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती, कारण घरचा फोन होता. लाईट गेली तरी घरचा फोन चालतो, हे त्यांना तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होते.

पण महिन्यापूर्वी त्यांची लाइन तांब्याच्या तारेवरून फायबरवर गेली होती. टेबल तेच, फोन तोच, नंबरही तोच. भिंतीवर एक पांढरी पेटी तेवढी नवीन आली होती. ती पेटी घरच्या विजेवर चालते आणि लाईट गेली की फोन मुका होतो, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यांनीही विचारले नव्हते. विचारायचे असते हे तरी कुणाला माहीत असते?

त्या रात्री काही वाईट झाले नाही. झाले असते तर हा लेख वेगळा झाला असता. आपल्या मंडळात अशी घरे बरीच आहेत जिथे आईवडील इथे आणि मुले पुणे, बेंगळूर किंवा परदेशात. म्हणून या बदलाकडे नीट बघावे असे आम्हाला वाटले. तांबे जाऊन फायबर येणे चांगलेच आहे, हे आधीच सांगतो. आमचे म्हणणे एवढेच आहे, की हा बदल आपण समजून, ठरवून करावा. लाइन मरेपर्यंत वाट बघू नये.

आपल्या सभासदांपैकी एकांनी टेलिफोन खात्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत काम केले. जुना फोन अंधारात का चालायचा, हे त्यांनी आम्हाला फार सोपे करून सांगितले. प्रत्येक एक्सचेंजमध्ये एक बॅटरी रूम असायची. त्यात दोन-दोन व्होल्टचे चोवीस मोठे सेल रांगेने जोडलेले, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. ॲसिडचा वास इतका, की पहिल्या दिवशी माणूस बाहेरच उभा राहायचा. ही वीज दोन तारांच्या जोडीतून थेट तुमच्या घरातल्या फोनपर्यंत येत असे. गावाची लाईट गेली तरी सेल भरलेले असत, आणि जास्त वेळ गेली तर डिझेल इंजिन चालू करायचे. "तुमच्या फोनचं लाईटबिल आम्ही भरत होतो," ते म्हणाले. अर्थात कॉर्डलेस फोन घेतलेल्यांना हे सुख तेव्हाही नव्हते, त्याचा पाया घरच्याच प्लगवर चाले.

फायबरच्या तारेतून वीज येत नाही, प्रकाश येतो. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून आलेल्या त्या प्रकाशाचे पुन्हा आवाजात आणि इंटरनेटमध्ये रूपांतर करायचे तर घरात यंत्र हवे, आणि यंत्राला वीज हवी. ती तुम्ही द्यायची. पूर्वी एक्सचेंजवर असलेली जबाबदारी अशी घरच्या प्लगवर आली. गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत मोठा फरक आहे आणि जाहिरातीत तो कुठेच नसतो. तिथे फक्त वेग असतो.

तरी तांबे जायलाच हवे, असे आम्ही का म्हणतो? जमिनीखालच्या केबलमध्ये शेकडो जोड्या असतात, त्या पिलरमध्ये येतात, तिथून डीपीवर, तिथून घरात. प्रत्येक ठिकाणी जोड असतो आणि प्रत्येक जोडात पाणी शिरते. बेळगावचा पाऊस आपल्याला माहीत आहे. रस्ता रुंद झाला, गटार झाले, नळाची पाइप टाकली, की केबल तुटते. तुटलेल्या केबलमधल्या शेकडो जोड्या रंग बघून एकेक करून जोडायच्या, हे काम येणारी माणसेच आता फार थोडी उरली आहेत. तांब्याला भंगारात भाव असल्याने चोरीही होते. काचेच्या धाग्याला भंगारवाला विचारत नाही, ही त्याची एक मोठी सोय आहे.

इंटरनेटचे तर बोलायलाच नको. बीएसएनएलने २००५ मध्ये ‘डेटावन’ नावाने त्याच फोनच्या तारेवरून ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली. तेव्हा देशात ब्रॉडबँडची व्याख्याच २५६ केबीपीएस अशी होती, आणि एवढा वेगही आपल्याला चमत्कार वाटला होता. पण तांब्यावर अंतर वाढते तसा वेग गळत जातो. एक्सचेंजच्या शेजारच्या गल्लीत एक वेग आणि तीन-चार किलोमीटरवरच्या वसाहतीत त्याच्या निम्माही नाही. करोनाच्या काळात एका घरात मुलाचा वर्ग, सुनेची मीटिंग आणि आजोबांचे कीर्तन एकदम सुरू झाले, तेव्हा त्या तारेची मर्यादा सगळ्यांनी पाहिली. फायबरवर वीस किलोमीटरपर्यंत हा प्रश्न येत नाही. २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस केली. आजच्या गरजेला तीही फार कमी आहे.

आकड्यांतही हेच दिसते. २००६ च्या सुमारास देशात सुमारे ५ कोटी लँडलाइन होत्या. २०२० च्या सुमारास त्या २ कोटींवर आल्या. त्यानंतर संख्या पुन्हा वाढू लागली, पण ती तांब्याने वाढली नाही, फायबरने वाढली. ऑगस्ट २०२२ मध्ये जिओच्या घरगुती जोडण्या ७३ लाखांवर गेल्या आणि बीएसएनएल ७१ लाखांवर राहिली. सरकारी सेवा या यादीत पहिल्यांदाच दुसऱ्या क्रमांकावर आली. जिओकडे जुने तांबे नव्हतेच, त्यामुळे त्यांना ते सांभाळायचेही नव्हते.

इथे थोडे मागे जाऊ, कारण ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातून जाते. कित्तूर म्हटले की आपल्याला राणी चन्नम्मा आठवते. टेलिफोन खात्यातल्या माणसाला मात्र जुलै १९८६ आठवतो. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने, ज्यामागे सॅम पित्रोदा यांचा पुढाकार होता, खास आपल्या खेड्यांसाठी १२८ लाइनचे एक छोटे स्वयंचलित एक्सचेंज बनवले. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. धूळ, उन्हाळा, विजेचा लपंडाव हे सगळे सोसेल अशी त्याची बांधणी होती. त्यातले पहिले एक्सचेंज बसले ते कित्तूरला. आपल्याकडची परिस्थिती बघून यंत्र बनवायचे, लाईट जाणार हे धरूनच चालायचे, हा विचार त्यामागे होता. पुढे तशी एक्सचेंजेस गावोगाव गेली आणि ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसणारी पिढी एसटीडीच्या पिवळ्या बूथसमोर उभी राहिली. कोल्हापूरला मयत कळवायला "लाइटनिंग" कॉलचे आठपट पैसे भरलेले लोक अजून आपल्यात आहेत.

आज घरोघरी जी पेटी बसते तिच्यामागे हा विचार दिसत नाही. लाईट कायम असते असे धरून ती बनवली आहे.

दुसरा बदल माणसांचा आहे. पूर्वी लाइनमन ठरलेला असे. त्याला घर माहीत, घरातली माणसे माहीत, कुठल्या खांबावरून तार येते ते माहीत. दिवाळीला त्याला फराळ जायचा. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. निम्मे खाते म्हणा ना. त्यानंतर फायबरची बरीचशी जोडणी आणि देखभाल स्थानिक भागीदारांकडे गेली. यांत कुठे जुने केबल टीव्हीवाले आहेत, कुठे नवे व्यावसायिक. उत्पन्नात वाटा, असा तो करार असतो. या व्यवस्थेला आमचा विरोध नाही. भागीदार चांगला असेल तर तक्रार दोन तासांत मिटते, असा आमच्यापैकी काहींचा अनुभव आहे. पण त्याने व्यवसाय सोडला, त्याचे आणि कंपनीचे बिनसले, किंवा तो गावालाच गेला, तर बिल एकाचे आणि तार दुसऱ्याची असा गुंता होतो. ग्राहक मधे लोंबकळतो.

विजेचा प्रश्न इथेही येतो. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला आणि पेटी त्यावर जोडली, तरी पलीकडच्या टोकाला काय आहे? फायबरच्या वाटेवर गल्लीतल्या डबीत एका धाग्यातला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. त्या डबीला वीज लागत नाही, ही या पद्धतीची खुबी आहे. पण प्रकाश जिथून निघतो त्या मुख्य यंत्राला वीज लागतेच. ते जुन्या एक्सचेंजच्या इमारतीत असेल तर बॅटरी आणि इंजिन तिथे बहुधा असते. भागीदाराच्या दुकानाच्या माळ्यावर असेल तर त्याचा इन्व्हर्टर जितका वेळ टिकेल तितकाच तुमचा फोन. म्हणून जोडणी घेताना वेगाबरोबर हाही प्रश्न विचारा: लाईट गेल्यावर तुमच्याकडचे यंत्र किती वेळ चालते? उत्तर देणारा गडबडला तर त्यातूनही कळायचे ते कळते.

बाहेरच्या देशांनी हे कसे केले ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने जुने टेलिफोन जाळे बंद करण्याची तारीख जाहीर केली होती, २०२५ ची अखेर. पण एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात किंवा मनगटावर मदतीची कळ असते आणि ती फोनच्या लाइनवरून चालते. लाइन बदलल्यावर काही ठिकाणी ती कळ चाललीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांकडून लेखी हमी घेतली आणि पुढे शेवटची तारीख जानेवारी २०२७ पर्यंत ढकलली गेली. फोनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकाला लाईट गेल्यावर निदान एक तास फोन चालेल अशी सोय कंपनीने द्यावी, असा तिथला नियम आहे. अमेरिकेत २०१५ च्या नियमाने कंपन्यांना आठ तासांच्या बॅटरीचा पर्याय ग्राहकापुढे ठेवावा लागला. एक तास म्हणजे फार नाही. खानापूर तालुक्यातल्या पावसात एक तासाची बॅटरी म्हणजे थट्टाच. पण जबाबदारी कुणाची हा प्रश्न तिथे विचारला गेला आणि त्याचे उत्तर कागदावर आले.

आपल्याकडे तारेला निदान निरोप मिळाला होता. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद होणार हे आधी सांगितले, लोकांनी रांगा लावून शेवटच्या तारा पाठवल्या. तांब्याच्या फोनला असा दिवस येत नाही. एका गल्लीची केबल तुटते आणि पुन्हा जोडली जात नाही, मग पुढच्या गल्लीची. असे एकेक घर गळत जाते. सरकारने बीएसएनएलला २०१९ मध्ये सुमारे ६९ हजार कोटींचे आणि २०२२ मध्ये १ लाख ६४ हजार कोटींचे पुनरुज्जीवन पॅकेज दिले. पैसा नवीन जाळ्याकडे जाणार हे उघड आहे, आणि जावाच. जुनी केबल दुरुस्त होईल या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

खेड्यांतल्या सभासदांची अडचण आणखी वेगळी. जांबोटी, कणकुंबीकडच्या जंगलभागात मोबाइलची रेंज एका वळणावर असते आणि दुसऱ्यावर नसते. तिथे लँडलाइनला खरा अर्थ होता. भारतनेटचे फायबर ग्रामपंचायतीपर्यंत न्यायची योजना २०११ पासून चालू आहे आणि देशातल्या दोन लाखांहून जास्त पंचायतींपर्यंत ते गेलेही. पण पंचायतीच्या कपाटापर्यंत आणि मळ्यातल्या घरापर्यंत यांत दोन-तीन किलोमीटरचे अंतर असते. एका घरासाठी एवढी तार टाकायला कुणी येत नाही. पाच-सहा घरांनी मिळून अर्ज केला तर भागीदाराला परवडते. वाडीतल्या लोकांनी एकत्र बसून हे करावे.

आता नंबराबद्दल, कारण आमच्या मते घाई करायची ती इथेच. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलायची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. लँडलाइनला ती नाही. तुम्ही जुनी लाइन बंद करून दुसऱ्या कंपनीचे फायबर घेतले तर जुना नंबर गेला. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर गेलात तर तोच नंबर ठेवता येतो. पण त्यासाठी लाइन चालू असताना किंवा निदान खाते जिवंत असताना अर्ज करायला हवा. बिल थकून नंबर कापला गेला की मग हात जोडण्याशिवाय काही उरत नाही. तुम्ही म्हणाल, नंबरात एवढे काय? मिरजेच्या आत्याच्या वहीत तोच आहे. बँकेत, गॅसच्या पुस्तकावर, विमा पॉलिसीवर तोच आहे. ज्यांना विसरायला होते अशा आजोबांना तेवढा एकच पाठ आहे. आमच्या माहितीतल्या एका आजींना स्वतःचे वय सांगता येत नाही, पण घरचा नंबर पुढे नंतर लागलेल्या "दोन"सकट न चुकता सांगतात.

तेव्हा अर्ज लेखी द्या, त्यात "हाच नंबर कायम ठेवावा" असे स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. जुन्या अनामत रकमेचे काय होणार तेही त्याच अर्जात विचारा. काम अडले तर तक्रार क्रमांक घ्या, तोंडी "बघतो" वर थांबू नका. तक्रार क्रमांकावर काम झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तिथे क्रमांकाशिवाय कुणी ऐकत नाही.

पेटी बसवताना ती इन्व्हर्टरच्या प्लगवर बसवा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारापासून मिळतो. १२ व्होल्टची ही पेटी त्यावर साधारण दोन ते चार तास चालते. स्वयंपाकघरात किंवा माडीवर दुसरा फोन असेल तर जुनी घरातली वायर पेटीला जोडून द्यायला त्याच वेळी सांगा, नंतर कुणी येत नाही. चकतीचा जुना काळा फोन मात्र बहुतेक पेट्यांवर वाजतो, पण त्यावरून नंबर फिरत नाही. आणखी एक, यावरून दोन घरांत उगाच तक्रार झाली म्हणून सांगतो: जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. शून्य न लावल्यास नवीन लाइन बिघडली असे वाटते.

पेटी बसली की माणूस जायच्या आधी एकदा मेन स्विच बंद करून त्याच फोनवरून आपल्या मुलाला फोन लावून बघा. काकूंच्या घरी आम्ही हे यूपीएस बसवल्यानंतर केले. मुलाने पलीकडून "लाईट आली का?" असे विचारले, आणि काकूंनी अंधारात उभे राहून "नाही, पण फोन आलाय" असे सांगितले.

सभासद सूचीच्या अर्जात आता आम्ही तिसरा रकाना घालत आहोत, शेजारच्या घराच्या फोनचा. सत्तरीपुढच्या आणि एकट्या राहणाऱ्या सभासदांनी तो अवश्य भरावा. ज्यांना अर्ज लिहायला किंवा यूपीएस आणून जोडायला मदत हवी असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळच्या वेळी निरोप ठेवावा. तरुण सभासदांपैकी दोघे-तिघे रविवारी घरी यायला तयार आहेत. निरोपात घराचा पत्ता आणि जुना नंबर दोन्ही लिहा, लागत नसला तरी.